दर मिनिटाला दार ठोठावणारे

"आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि न बसला तरी माझं काही अडत नाही," असं मी आधीच सांगून टाकलं आणि इलाहीच्या गॅरेजमधला सगळ्यात कमी काळा टायर ओढून त्यावर बसलो. "एका पेटीएवढ्या मशीननं आमच्या दूध संघाचं सगळ्या तालुक्याचं दूध नासवलं. त्या दिवशी मी इतका चिडलो होतो, की माझ्या डोक्यावर आधण ठेवलं असतं तर चहा झाला असता."

"मागच्या खेपेला तुम्ही कृष्णेतल्या मगरीची दाढी केली होती, बापू," चौगुले मास्तर म्हणाले. "त्या मानानं हे पुष्कळच खरं वाटतंय."

"मगरीची गोष्ट वेगळी. तिचं लग्न होतं."

इलाही एका टेम्पोखाली होता. बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते. ते पाय हसले असं मला वाटलं.

विषय निघाला तो मास्तरांच्या मोबाईलवरून. त्यावर 'अपडेट झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं आलं होतं आणि मास्तर दारावरची घंटा दाबावी तसं ते बटण दाबत सुटले होते. मी ओरडलो, "हात काढा!" मास्तरांच्या हातून मोबाईल पडायचाच बाकी राहिला. मग कारण सांगणं भाग होतं. ही गोष्ट मी लग्नांतून सांगितली आहे, दवाखान्याच्या बाकावर सांगितली आहे, मुलीच्या सासरी तर दोनदा. इलाहीसमोर मात्र पहिल्यांदाच. तो तेव्हा संघाच्या दुधाची गाडी चालवायचा, म्हणजे साक्षीदारही आयता होता.

शेजारी पत्र्याच्या डब्यात इलाहीचा तो निवडुंग होता. त्याला कधी कुणी पाणी घातलेलं मी पाहिलं नाही, तरी कमरेपर्यंत वाढलाय. मी टायर जरा लांब सरकवला. त्याचं आणि माझं जमत नाही.

तर मी संघाच्या संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभाग म्हणजे मी, सुप्रिया आवटी आणि एक कुरकुरणारा पंखा. तिघांत शिकलेली सुप्रियाच. नुकती लागलेली, कवठ्याकडची पोर, बोलायला हळू, पण बोलली की पुन्हा सांगावं लागायचं नाही. तिच्या टेबलावर कान तुटलेला एक चहाचा कप असे आणि त्यात अंगठ्याएवढा निवडुंग. मी एकदा विचारलं, "फूल नाही, वास नाही, हे कशाला बाळगतेस?" तर म्हणाली, "सर, या इमारतीत एवढा एकच आहे जो दर थोड्या वेळानं काहीतरी मागत नाही."

आणि वर, केबिनमध्ये, शिंगटे साहेब. कार्यकारी संचालक. या माणसाला थांबणं माहीतच नव्हतं. लिफ्टचं बटण दाबून जिन्यानं जायचा आणि वर पोचून लिफ्टवर चिडायचा.

"मशीनचं सांगा," मास्तर म्हणाले.

"सांगतो. संघातले संगणक थेट बाहेरच्या इंटरनेटवर जात नसत. मधे एक मशीन. त्याचं नाव प्रॉक्सी सर्व्हर. ज्याला बाहेरून काही हवं असेल त्यानं याला सांगायचं, हा जाणार, हा आणणार. बाहेरच्या जगाला आमच्यातला एकटा हाच दिसायचा."

"म्हणजे वर्गाचा मॉनिटर. सगळ्यांच्या वतीनं ऑफिसातून खडू आणणारा."

"शाब्बास! आता मला सांगा मास्तर, सगळी पोरं मिळून त्या मॉनिटरला दर मिनिटाला खडू आणायला पाठवायला लागली तर?"

"हेडमास्तर त्याला ऑफिसच्या दारातून हाकलून देतील."

"झालं. गोष्ट संपली. आता फक्त राग उरला, तो सांगतो."

झालं होतं असं, की हिशेब खात्यातल्या कुणीतरी अनोळखी माणसानं पाठवलेली लग्नपत्रिका संगणकावर उघडली आणि आत व्हायरस निघाला. दोन दिवस कामाचा चिखल झाला. शिंगटे साहेबांनी मीटिंग बोलावली. व्हायरसवरची लस एका कंपनीकडून यायची. आपला संगणक तिला विचारणार, 'नवीन काही आहे का?' असेल तर ती देणार. साहेबांनी विचारलं, "किती वेळा विचारतो आपण?"

मी म्हटलं, "दिवसातून चार-पाच वेळा."

"दर मिनिटाला विचारा. प्रत्येक संगणकानं."

सुप्रियानं हात वर केला. मीटिंगमध्ये हात वर करायची पद्धतच नव्हती आमच्याकडे, माना हलवायची होती. ती म्हणाली, "सर, तिकडून बघितलं तर आपण सगळे मिळून एकच दिसतो. एकच माणूस वेड्यासारखा दार ठोठावतोय असं वाटेल त्यांना. ते दार बंद करतील."

"आपण गिऱ्हाईक आहोत, भिकारी नाही. ठोठवा," साहेब म्हणाले. आणि लगेच दुसरा हुकूम: ज्या संगणकात ताजी लस नाही, त्याला संघाच्या मुख्य प्रोग्रॅममध्ये घ्यायचं नाही. वजनकाटा असो, दुधाची तपासणी असो, लस नाही तर आत प्रवेश नाही. नियम म्हणजे नियम.

दोन्ही हुकूम मीच माझ्या हातानं मशीनमध्ये बसवले.

मग उजाडला तो दिवस. ऐन मे महिना. ऊन असं, की संघाच्या अंगणातल्या कुत्र्याची सावली त्याला सोडून छपराखाली जाऊन बसली होती.

"हे खरंय," टेम्पोखालून आवाज आला. "मी बघितली. काळी कुत्री होती."

मला बरं वाटलं. साक्षीदार असावा तर असा.

सकाळीच वजनकाट्यावरचा बिरंजे धावत आला. "बापू, काटा आत घेईना! लाल पाटी आलीय!" मी गेलो. पडद्यावर लाल पट्टा: 'अपडेट अयशस्वी.' आणि त्याखाली एक निळं बटण: 'पुन्हा प्रयत्न करा.' ज्यानं कुणी ते बटण शोधून काढलं असेल त्याला माझ्यासमोर आणा, मी त्याला नुसतं दारात उभं करून दर मिनिटाला 'आलास का?' म्हणून विचारीन. माणसाला बटण दिसलं की तो दाबतो. नाही झालं की जोरात दाबतो. बिरंजे तर अंगठ्यानं दाबत होता, बोटात जोर कमी पडतो म्हणून.

काटा बंद. तपासणी बंद. फाटकाबाहेर गावोगावच्या दुधाच्या गाड्या, उघड्यावर कॅन, आणि वर सूर्य. ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. सगळ्यात पुढं इलाही. त्याचा हॉर्न म्हणजे रेड्याला शाळेत घातल्यासारखा.

"तो हॉर्न नव्हता, मी ओरडत होतो," टेम्पोखालून आवाज आला.

सुप्रिया प्रॉक्सीच्या मशीनपुढं बसली होती. त्यात प्रत्येक जाण्यायेण्याची नोंद ओळीनं पडत असते. तिनं मला बोलावलं. "सर, बघा. आपला प्रॉक्सी जातोय, विचारतोय आणि प्रत्येक वेळी तिकडून एकच उत्तर. फार वेळा विचारलंत, थांबा. आपला पत्ताच बंद केलाय त्यांनी."

"फोन लाव त्यांना!"

तिनं लावला. तिकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, आम्ही काही करायला नको, बंदी आपोआप उठते. फक्त तुमच्याकडून काही वेळ एकसुद्धा विचारणा येता कामा नये. आली की थांबण्याचा वेळ पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे औषध काय? गप्प बसणं. आणि हे कुणाला सांगायचं? आमच्या संघाला!

मी खात्याखात्यातून ओरडत फिरलो. "कुणी बटण दाबायचं नाही!" सगळे म्हणाले, "नाही दाबत." मी पाठ वळवली की टिक. वनमालाबाई म्हणाल्या, "मी दाबत नव्हते हो, उघडलंय का ते नुसतं बघत होते." आवक खात्यातला एक महाभाग तर एन्टरच्या कळीवर पेपरवेट ठेवून चहाला गेला होता. मी तो पेपरवेट उचलून खिडकीतून असा भिरकावला, की तो अजून खाली आलेला नाही. मला राग येतो म्हणजे साधा येत नाही. कान तापतात, चष्म्यावर वाफ धरते, आणि त्या दिवशी तर मी ज्या ज्या ट्यूबलाईटखालून गेलो ती ती ट्यूब बंद असून पेटली.

परत आलो तर सुप्रिया शांतपणे काहीतरी लिहीत होती मशीनमध्ये. "सर, लोकांना थांबवायची गरज नाही. मी प्रॉक्सीलाच सांगितलंय, त्या पत्त्यावर जाऊच नको. लोक किती का दाबेनात, बाहेर काही जाणारच नाही. बंदी उठली की आपलं एकच मशीन जाऊन लस आणेल आणि बाकीचे सगळे त्याच्याकडून घेतील. मग पुन्हा हा प्रकार होणार नाही."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "हुशार पोर!"

"मग! माझ्या हाताखाली होती."

आता नुसतं थांबायचं होतं. दरम्यान तिनं साहेबांना फोन करून विनवलं, "सर, आजचा दिवस तो प्रवेशाचा नियम सैल करा. काटा चालू होईल, दूध आत येईल."

"नियम मी बदलत नसतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.

बाहेर दूध तापत होतं. एका म्हातारीनं आपल्या गावच्या कॅनवर स्वतःचा पदर भिजवून घातला होता. तिची एक म्हैस, तेवढंच दूध. ती कॅनजवळून हलेना. ड्रायव्हरांना वाटलं उभ्या गाडीत दूध लवकर नासतंय, म्हणून त्यांनी अंगणात गाड्या गोल गोल फिरवायला सुरुवात केली, वारा लागावा म्हणून. झालं भलतंच. दुधाचं दही झालं, त्या हिसक्यांनी दही घुसळलं गेलं आणि इलाहीच्या गाडीतल्या शेवटच्या कॅनचं झाकण उघडलं तर वर हा एवढा लोण्याचा गोळा!

"काय सांगता!" मास्तर टेम्पोकडे वळले. "इलाही?"

"व्हय मास्तर. खाल्लं मी. भाकरीसंगं."

मी पुढं रेटलं. थांबलो, थांबलो, बंदी काही उठेना. सुप्रियानं पुन्हा नोंदी बघितल्या आणि तिचा चेहरा उतरला. "सर, अजून एक संगणक जातोय. माझ्या नियमाला न जुमानता. दर मिनिटाला तर जातोच, मधे मधे हातानंही दाबतंय कुणीतरी. प्रत्येक वेळी आपली वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली जातेय."

"कुठला?"

तिनं नुसतं छताकडं बोट केलं.

वर साहेबांची केबिन होती. साहेबांनी मागेच सांगून ठेवलं होतं, की माझ्या संगणकाला कुठलीही आडकाठी नको. त्यांना ऑफिसात बसून क्रिकेटचा स्कोअर बघायचा असे. म्हणून प्रॉक्सीच्या सगळ्या नियमांच्या वर एक ओळ होती: हा संगणक जिथं जाईल तिथं जाऊ दे. इमारतीतली सगळी माणसं दार ठोठवायची थांबली होती. ज्यानं ठोठवायला सांगितलं, तो एकटा वर बसून ठोठावत होता!

"ती ओळ काढू का, सर?" सुप्रियानं विचारलं. "काही क्षणांचं काम आहे. त्यांना कळणारही नाही."

मी म्हटलं, "छे! साहेबांच्या मशीनला त्यांना न विचारता हात लावायचा? आपण चोर आहोत का? तोंडावर सांगू. चल."

आणि आम्ही वर गेलो.

केबिनमध्ये एसी असा, की बाहेर लोणी होत होतं आणि आत आइस्क्रीम झालं असतं. साहेब उजव्या हातानं माउस बडवत होते, टिक, टिक, टिक, आणि डाव्या हातानं फोन धरून अध्यक्षांना सांगत होते, "संगणक खात्याचा गाढवपणा आहे, आत्ता बघतो एकेकाला." फोन ठेवला. टिक. "बोला. कुणाची चूक?" टिक.

सुप्रिया म्हणाली, "सर, आधी एक विनंती आहे. तुमच्या संगणकावरून..."

"तू बोलू नकोस!" टिक. "मीटिंगमध्ये हात वर करतेस, मला शिकवतेस. सगळ्या संघाचं अपडेट तूच बंद केलंयस ना आज? मला बिरंजे बोलला. बापू, हिनं बंद केलंय की नाही?"

"बंद केलंय सर, पण ते अशासाठी..." ती सांगू लागली.

"कबूल! बापू, ऐका. उद्यापासून ही मला इथं दिसता कामा नये. दूध हिनं नासवलं."

टिक.

इथं मी गोष्ट सांगताना नेहमी थांबतो. ऐकणाऱ्यानं श्वास रोखलेला असतो. मास्तरांनी रोखला होता. टेम्पोखालचा पान्याचा आवाजही थांबला.

"मग?" मास्तर म्हणाले.

मग काय! माझ्या आत जे काही साठलं होतं, त्या बटणाचं, त्या पेपरवेटचं, त्या म्हातारीच्या ओल्या पदराचं, ते सगळं एकदम वर आलं. मी टेबलावर अशी मूठ आपटली, की साहेबांच्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास उडून त्यांच्या खिशात जाऊन बसला. म्हटलं, "शिंगटे! आधी तो हात काढ माउसवरून! दर मिनिटाला विचारा म्हणून हुकूम कुणी दिला? तू! नियम सैल करायला नाही कुणी म्हटलं? तू! आत्ता या इमारतीतून दार कोण ठोठावतंय? तू एकटा! या पोरीनं सकाळपासून अन्नाचा कण न खाता सगळं जागेवर आणलं, आणि तू एका बोटानं ते पुन्हा पुन्हा मोडतोयस! दूध तू नासवलंस! जा खाली आणि त्या म्हातारीला सांग!"

"असं म्हणालात? अरे-तुरे?" मास्तरांचे डोळे भरून आले.

"असं! खिडकीच्या काचा थरथरत होत्या. एसी बंद पडला. साहेब एवढेसे झाले, खुर्चीत शोधावे लागले. म्हणाले, 'बापू, चुकलं माझं.' मी म्हटलं, 'मला नको, हिला म्हण.' तर उठून उभे राहिले आणि सुप्रियापुढं हात जोडले. माउस मी माझ्या हातानं उपटून खिशात घातला. थोड्या वेळानं बंदी उठली, लाल पट्टा गेला, काटा सुरू झाला. दूध गेलं ते गेलं, पण माणूस राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आलो, तर सुप्रिया माझ्याआधी हजर. आपल्या टेबलावर, आपल्या त्या कानतुटक्या कपातल्या निवडुंगाला थेंब थेंब पाणी घालत होती. मला म्हणाली, 'सर, तुम्ही होता म्हणून.'"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बापू, तुमच्या आजवरच्या सगळ्या गोष्टी मी हसण्यावारी नेल्या. पण ही खरी आहे. हिच्यात राग खरा आहे."

"मग! राग अजून आहे. आजही आठवलं की..."

टेम्पोखालून पान्याचा खणकन आवाज झाला. इलाही पाठीवर सरकत बाहेर आला. उठून बसला. हात पुसायला फडकं घेतलं आणि कितीतरी वेळ नुसते हातच पुसत राहिला.

"खोटं," तो म्हणाला.

"काय खोटं? लोण्याचं? तूच तर आत्ता म्हणालास..."

"लोणी झालं, मान्य. कुत्रीची सावली छपराखाली गेली, मान्य. मगरीचं लगीनबी मान्य, मी वरातीत नाचलो म्हणून सांगीन. पर हे न्हाई, बापू. हे खोटं बोलतायसा तुम्ही."

मास्तर एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "केबिनमध्ये तू नव्हतास, इलाही."

"नव्हतो. मी फाटकावर हुतो. नासकं वतून, कॅन धुऊन निघालो, तर ती पोरगी उभी. हातात ह्यो कप. म्हणाली, 'मामा, स्टँडवर सोडता का?' माझ्या शेजारी बसून गेली ती. दुसऱ्या दिवशी ती आली न्हाई, बापू. कधीच आली न्हाई."

इलाहीनं हातातलं फडकं पत्र्याच्या डब्याकडं केलं. डब्याच्या मातीतून, निवडुंगाच्या बुडाशी, चिनीमातीची पांढरी कड वर आलेली होती. इतकी वर्षं मी त्याच्यापासून टायर लांब ओढत आलो, वाकून कधी बघितलं नव्हतं.

"एसटीला गर्दी हुती. काटं कुणाला लागतील म्हणून माझ्याकडं दिला तिनं. साऱ्या वाटंत रडली न्हाई का कुणाला शिवी दिली न्हाई. मीच इचारलं, 'ताई, तुझ्या बाजूनं कोण बोललं न्हाई?' तर उतरता उतरता एवढंच म्हणाली..."

"इलाही," मी म्हटलं.

"म्हणाली, 'सर माझ्या शेजारीच उभे होते, मामा.'"